काटा मारणारा टेस्टर

मे महिन्यातली सकाळ, साडेसहाची वेळ. डब्यातून कोरा करकरीत ईएल८४ काढला, म्हणजे जुन्या रेडिओत आवाज मोठा करणारा काचेचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह तपासायच्या टेस्टरला लावला, आणि टेस्टरने तो बाद ठरवला.

डबा बीईएलचा, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, बंगळुरूच्या कारखान्यातला. त्याचं झाकण कधी उघडलेलंच नव्हतं. बाबांनी हा व्हॉल्व्ह रेडिओत लावायला आणलेला नव्हता. त्याला ते 'साक्षीदार' म्हणायचे. टेस्टरवर संशय आला तर यालाच विचारायचं, नाहीतर हात लावायचा नाही, असा दंडक होता. बाबा गेल्यावर हा दंडक मी इतका पाळला की संशयच घेतला नाही. पाच वर्षं त्या टेस्टरवर लोकांचे व्हॉल्व्ह तपासून 'गेला' म्हणून सांगत राहिलो, आणि साक्षीदार कपाटात झोपून राहिला.

आमच्याकडे कापूस विकायला नेणारा माणूस गाडी भरली की आधी ओळखीच्या काट्यावर वजन करतो, मग जिनिंगला जातो. तिथला काटा मारला तर निदान कळावं म्हणून. एवढी साधी गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या बाजारात दुकान चालवणाऱ्या मला सुचली नाही. माझा धंदा आता मोबाइल आणि टीव्हीचा. जुने रेडिओ हा शौक, आणि अधूनमधून कुणी आजोबांचा रेडिओ घेऊन आलं तर वरकमाई.

टेस्टर अमेरिकन आहे. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडच्या हिकॉक कंपनीचा, ६००-ए. बाबांनी नागपुरात जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून घेतला होता. बॅगेसारखी पेटी, झाकण उघडलं की मधोमध मोठा मीटर, भोवती निरनिराळ्या व्हॉल्व्हची सॉकेटं, आणि खाली गुंडाळी फिरवून वाचायचा रोल चार्ट. तो ११५ व्होल्टवर चालतो, म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय तो ६० सायकलसाठी बनलेला आणि आपली लाईन ५० ची, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर जरा जास्तच तापतो. त्यात आमची वीज. गावाबाहेरच्या विहिरींवरचे पंप सुरू झाले की २३० चे १८५ होतात. हे हिकॉकच्या माणसांना माहीत असल्यासारखी पॅनेलवर एक 'लाइन अ‍ॅडजस्ट'ची घुंडी आहे. बटण दाबायचं, काटा खुणेच्या रेषेवर येईपर्यंत घुंडी फिरवायची, मग तपासायचं. मी ते दरवेळी करायचो. रेषेवर काटा आला म्हणजे सगळं बरोबर, एवढाच माझा हिशेब.

साक्षीदार बाद झाला त्या दिवशी आधी मी स्वतःचं समाधान करून घेतलं की पिना मळल्या असतील. खडूच्या भुकटीने पुसल्या. सॉकेट साफ केलं. रोल चार्टमधले आकडे दोनदा पाहिले. काटा चार्टातल्या किमान आकड्याच्या खालीच, आणि तोही थरथरत. लाईन थरथरते आहे म्हणावं तर स्टॅबिलायझरवर २३० स्थिर होते. मग प्लग काढला, पेटीचे स्क्रू काढले आणि पॅनेल उचलून उभं केलं.

तपासायच्या व्हॉल्व्हमध्ये प्लेट, स्क्रीन आणि ग्रिड असे भाग असतात. करंट प्लेटकडे जातो, ग्रिड त्याला आवरते. या भागांना डीसी लागतो, म्हणून टेस्टरच्या आत एसीचा डीसी करणारे दोन रेक्टिफायर व्हॉल्व्ह असतात. एक ५वाय३, तो स्क्रीनचा आणि ग्रिडला आवरून धरणारा (बायसचा) डीसी देतो. दुसरा ८३. प्लेटचा डीसी तो देतो, आणि खरी मेख तिथे आहे.

८३ मध्ये पाऱ्याची वाफ असते. साध्या निर्वात रेक्टिफायरमध्ये करंट वाढला की त्याच्या स्वतःच्या अंगावर खर्च होणारे व्होल्टही वाढत जातात, पूर्ण भाराला चाळीस-पन्नासपर्यंत. ८३ मध्ये ही घट साधारण १५ व्होल्ट, भार कमी असो की जास्त. हिकॉकला हेच हवं होतं, कारण या टेस्टरमध्ये प्लेटचा डीसी सपाट करणारा फिल्टर नाही. मुद्दामच नाही. लाइनची वीज सारखी दिशा बदलते; तिच्या एका अर्ध्या फेरीत ८३ ची एक प्लेट काम करते, दुसऱ्या अर्ध्या फेरीत दुसरी. तपासायच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला त्याच तालावर थोडा एसी दिलेला असतो. म्हणून एका अर्ध्या फेरीत त्याचा करंट वाढतो, दुसरीत कमी होतो, आणि मीटर या दोन्हींमधला फरक दाखवतो. तो फरक म्हणजेच व्हॉल्व्हचा जोर, मायक्रोम्हो या मापात. ८३ ची एक बाजू लंगडी झाली तर फरक कुणाचा, तपासायच्या व्हॉल्व्हचा की रेक्टिफायरचा, हे काट्याला कळत नाही. तो दाखवून मोकळा होतो.

खोलीचं दार लावलं, पडदा ओढला आणि पॅनेल उघडंच ठेवून टेस्टर चालू केला. (उघड्या पॅनेलवर वीज चालू असताना एक हात पाठीमागे ठेवायचा, हे बाबांनी मला वयाच्या दहाव्या वर्षी एक चापट मारून शिकवलं.) साक्षीदार लावून तपासणीचं बटण दाबलं की ८३ च्या आत निळसर जांभळा उजेड पेटायचा. एका प्लेटच्या आत तो नीट भरलेला. दुसऱ्या प्लेटमध्ये पेटे, विझे, पुन्हा पेटे, गोठ्यातल्या खराब ट्यूबलाइटसारखा. काचेच्या आत तळाशी पाऱ्याचे थेंब, मोहरीएवढे. काट्याचं मल्टिमीटर लावलं तर प्लेटला जिथे दीडशे व्होल्टच्या आसपास हवे तिथे १२६ ते १३४ च्या मध्ये झोका.

बाबांची एक सवय तेव्हा आठवली. टेस्टर चालू केला की ते कधी लगेच बटण दाबत नसत. "त्याले डोळे उघडू दे," म्हणायचे आणि समोर चहाला जायचे. मला वाटायचं, चहाचा बहाणा. पण पाऱ्याच्या रेक्टिफायरचं फिलामेंट पुरतं तापून पारा नीट वाफ होण्याआधी भार टाकला तर फिलामेंटवरचा लेप झिजतो. व्हॉल्व्ह प्रवासातून आला असेल तर पारा उडून प्लेटला, फिलामेंटला चिकटलेला असतो, तेव्हा बटण न दाबता अर्धा तास नुसता तापत ठेवायचा. मी पाच वर्षं चालू केलं की दाबलं. शिवाय आणखी एक. या व्हॉल्व्हमधला पारा जिथे थंड होऊन जमतो तिथलं तापमान २० ते ६० अंशांमध्ये असावं, असं त्याच्या माहितीपत्रकात आहे. माझी खोली मेमध्ये ४४. पेटी बंद, शेजारी तापलेला ट्रान्सफॉर्मर. आत किती होत असेल ते मोजायला मी थांबलो नाही.

आता बदलायचा कशाने?

पहिला मोह ५झेड३ या निर्वात रेक्टिफायरचा झाला. जुन्या अँप्लिफायरमधला एक घरात होता. त्याच्याही पिना चार, त्याच जागी, फिलामेंटही ५ व्होल्ट ३ अँपिअरचं. खटकन बसला. काटा थरथरायचा थांबला, मी खूश. मग ईसीसी८३ तपासायला लावला (नावात ८३ असला तरी हा रेडिओतला छोटा व्हॉल्व्ह, रेक्टिफायर नव्हे), तर तो फारच छान पास. साक्षीदार लावला, नापास. हे चांगलंच डोक्यात बसलं. ईसीसी८३ जेमतेम एक-दोन मिलिअँप ओढतो, तिथे ५झेड३ ची घट १५ पेक्षाही कमी, म्हणून तो जास्त शूर दिसतो. ईएल८४ भरपूर ओढतो, तिथे घट वाढते आणि तो मार खातो. गरिबाला झुकतं माप आणि खाणाऱ्याला काटा. सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालला, असं नसतं.

मग ऑनलाइन मागवला. ८३ म्हणून मागवला, तीन आठवड्यांनी आला तो ८३-व्ही. त्या एका अक्षराने सगळं बदलतं. ८३-व्ही निर्वात असतो, त्यात पारा नाही, फिलामेंट २ अँपिअरचं, कुळ वेगळं. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर त्याचं उत्तर: "सेम आहे सर." परत पाठवायचा खर्च माझ्यावर. खऱ्या ८३ ची परदेशातली किंमत, टपाल, आणि वाटेत फुटला तर पारा सांडण्याची भीती, सगळं धरून क्विंटलभर कापसाच्या घरात जात होतं. त्या वर्षी कापसाला भाव काय होता ते बोलायलाच नको.

नागपूरच्या एका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मित्राने टेस्टरच्या सर्किटची झेरॉक्स पाठवली आणि फोनवर म्हणाला, डायोड टाक. दोन १एन४००७ आणि मोकळा हो. पण नुसते डायोड टाकले तर घट १५ वरून पाऊण व्होल्टवर येते, म्हणजे सगळे मरतुकडे व्हॉल्व्ह तरुण दिसणार. काटा आधी गिऱ्हाइकाच्या विरुद्ध मारत होता, आता दुकानदाराच्या. म्हणून डायोडच्या पुढे १५ व्होल्टचा झेनर डायोड घालायचा. पाऱ्याचं काम झेनर करतो. तोही करंट कमी-जास्त झाला तरी आपले १५ व्होल्ट खाऊन बसतो. नागपूरच्या सीताबर्डीतून १एन५३५२ आणवला, १५ व्होल्ट, ५ वॅट. १ वॅटचाही कदाचित पुरला असता, पण आमच्या उन्हात मी कुठल्याही सुट्या भागाच्या कमाल आकड्यावर भरवसा ठेवत नाही.

बेस हवा होता. ८३ चाच बेस काढायचा विचारही करू नये. काच फुटली की पारा घरात, आणि पारा झाडूने गोळा होत नाही, तो आणखी बारीक होऊन फटीफटीत जातो. माझ्याकडे फिलामेंट तुटलेला ८० नंबरचा एक जुना रेक्टिफायर होता. तोही चार पिनांचा, जोडणी तीच: दोन जाड पिना फिलामेंटच्या, दोन बारीक प्लेटच्या. त्यात पारा नसतो. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून बाहेर ओट्यावर काच फोडली. पिनांच्या टोकांना सोल्डरिंग गन लावून आतल्या तारा पक्कडने ओढल्या. बेकेलाइटच्या कडेला चिकटलेली काच आणि सिमेंट पेचकसने खरवडताना अंगठा कापला, त्याचा डाग अजून त्या बेसवर आहे.

एवढ्यात शेजारचे नानाजी आले. ओट्यावर माझं हे चाललेलं, बाजूला जुना ८३ उभा करून ठेवलेला.

"काय करून राह्यला बे?"

सांगितलं. त्यांनी ८३ उचलला, उन्हाकडे धरला, आतले थेंब इकडून तिकडे पळवले.

"पारा हाय म्हन्ते यात?"

"हो नानाजी. नीट धरा, फुटन."

"मंग दे ना थोडासाक. गव्हाच्या कोठीत टाकतो. पोरकिडे लागून राह्यले."

"खायच्या गव्हात कोणी पारा टाकते का?"

"दुकानातून गोया आनतो त्या पाऱ्याच्याच असते ना?"

आता यावर काय बोलावं? पाऱ्याच्या गोळ्या घराघरातल्या कोठीत असतात हे खरं आहे, माझ्या आईच्याही होत्या. त्या दिवशी काढून टाकल्या, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. ८३ मी नानाजींच्या हातून सोडवला, सरकीसकटच्या कापसात गुंडाळला, उभ्या डब्यात ठेवला आणि वर लिहिलं: पारा, आडवा करू नये. तो आजही कपाटात आहे.

जोडणी अशी. दोन्ही डायोडची एक-एक टोकं बारीक पिनांना, अंगावर रंगाची पट्टी असते तिकडची दोन्ही टोकं एकत्र, तिथून झेनर, आणि झेनरचं दुसरं टोक त्या जाड पिनेला जिथून टेस्टर आपला डीसी उचलतो. ती पिन कोणती हे सर्किटवर पाहून घ्यावं, अंदाज बांधू नये. डायोड दुकानातल्या एकाच कागदी पट्टीतले घेतले, डिजिटल मीटरवर दोन्ही ०.५८ दाखवत होते. दोन्ही बाजू सारख्या असणं किती महत्त्वाचं ते आता कळलं होतं.

लावला. बटण दाबलं. मल्टिमीटर १६२.

घाम फुटला. लाइन अ‍ॅडजस्ट पुन्हा केलं, तरी १६२. टेस्टर बंद, प्लग काढला, चहा केला. कपातून वाफ निघत असताना लक्षात आलं: झेनर उलटा लावला होता. डायोडची पट्टी ज्या बाजूला येते त्याच बाजूला झेनरची पट्टी यायला हवी, दोघांची तोंडं समोरासमोर. मी सवयीने एकामागे एक लावले, मग झेनर साध्या डायोडसारखा वागला आणि १५ चा जेमतेम एक व्होल्ट खाल्ला. चाळीस वर्षं सोल्डर करणाऱ्याने ही चूक करावी! उपटला, फिरवला, पुन्हा लावला. १४८. काटा खिळ्यासारखा उभा.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यायची राहिली होती. ८३ चं फिलामेंट ५ व्होल्टला ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट खात होतं. तो भार गेला की ट्रान्सफॉर्मर मोकळा होतो आणि बाकीची व्होल्टेजं थोडी वर सरकतात. हॅम मित्राचं म्हणणं, तिथे १.६७ ओहमचा जाड रेझिस्टर टाकून तेवढाच भार परत दे. मी आधी मोजलं. लाइन अ‍ॅडजस्टची घुंडी आता वेगळ्या जागी येत होती, पण काटा रेषेवर आणल्यावर साक्षीदाराच्या हिटरला, म्हणजे त्याला आतून तापवणाऱ्या तारेला, ६.४ व्होल्ट, हवेत ६.३. एवढ्यासाठी पेटीत १५ वॅटची शेगडी परत कशाला पेटवायची? रेझिस्टर नाही टाकला. पुण्याच्या थंडीत असतो तर कदाचित टाकला असता.

५वाय३ ला हात लावला नाही. घरातला दुसरा लावून पाहिला, स्क्रीनच्या व्होल्टेजमध्ये एका व्होल्टाचाही फरक नाही. जे चालतं ते उचकटू नये.

शेवटचं मोजमाप रात्री केलं. त्या आठवड्यात शेतीच्या लाईनची दिवसाची पाळी होती, त्यामुळे रात्री पंप बंद आणि गावात २३५ व्होल्ट सुखाने नांदत होते. साक्षीदार लावला. चार्टातल्या किमान आकड्याच्या कितीतरी वर. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा काटा त्याच जागी.

मग कपाटातले दोन डबे काढले. एक बाबांचा: त्यांनी बाद ठरवलेल्या व्हॉल्व्हवर लाल ऑइलपेंटचा ठिपका असे. दुसरा माझा, त्यावर स्केचपेनची फुली. रात्री दोनपर्यंत तपासत बसलो. बाबांच्या डब्यातले एकूण एक बाद निघाले. माझ्या डब्यात ४१ व्हॉल्व्ह होते, त्यातले २६ चांगले.

एका फुलीवर गावाचंही नाव होतं. तिकडच्या एका काकांचा लाकडी रेडिओ दोन वर्षांपूर्वी आला होता. आवाज बारीक. मी ईएल८४ तपासला, बाद म्हणून सांगितलं, दुसरा लावून दिला. आवाज तेवढाच बारीक राहिला. "जुनं मशीन आहे काका, आता एवढंच," असं म्हणून समजूत घातली होती.

रविवारी त्यांचा व्हॉल्व्ह आणि खिशात दोन-चार कंडेन्सर घेऊन मोटरसायकलने गेलो. रेडिओ देवघराशेजारी, वर बियाण्याच्या पिशव्या. मागचं पुठ्ठं काढलं. ईएल८४ च्या कॅथोडला लावलेला कंडेन्सर सुकून गेलेला होता, बहुधा तेव्हापासूनच. नवा लावला, त्यांचाच जुना व्हॉल्व्ह परत बसवला, घुंडी फिरवत ५८५ वर आणली. नागपूर केंद्रावर बातम्या चालू होत्या. आतल्या खोलीतून काकू ओरडल्या, "अजी, हळू करा ना!"

काकांनी आवाज कमी केला नाही. मी सगळी हकिकत सांगितली, टेस्टर, पारा, काटा, सगळं. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हनजे माह्या वॉल चांगलाच होता?"

"हो काका."

"अन् पैसे तर घेतले होते ना तुनं?"

"तीनशे."

काही न बोलता त्यांनी हात पुढे केला. मी पाकीट काढलं.